संक्रांत आणि विद्यापीठ गेट

चौदा जानेवारीला आमच्या घरी तिळगूळ असतो आणि त्याच दिवशी औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) विद्यापीठ गेटवर निळे झेंडे. एम.ए.ची दोन वर्षं त्याच कॅम्पसमध्ये काढली, पण नामविस्तार दिनाला, म्हणजे विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं त्या दिवशी, मी एकदाही गेटकडे फिरकलो नाही. 'त्यांचा कार्यक्रम' म्हणून सरळ गावाकडची एसटी धरायचो. माझ्या डिग्रीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असं छापलंय. घरात मात्र अजूनही नुसतं 'मराठवाडा विद्यापीठ' म्हणतात.

यंदा पहिल्यांदा गेलो, ऑफिसातल्या एका दादांबरोबर. पांढऱ्या कपड्यांतली घरच्या घरं आलेली, भीमगीतं चालू आणि जिकडे बघावं तिकडे पुस्तकांचे स्टॉल. एक म्हातारी बाई कनवटीचे पैसे दोनदा मोजून नातीला स्पर्धा परीक्षेचं पुस्तक घेऊन देत होत्या. इतकी वर्षं मी या गर्दीला 'ट्रॅफिक जाम' एवढंच समजत होतो, याची लाज वाटली.

चहा पिता पिता दादा बोलायला लागले. 27 जुलै 1978 ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा, म्हणजे त्याला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. दादा तेव्हा नऊ वर्षांचे. घर गेलं, कणगीतली ज्वारी जळाली. आईने राखेतून दाणे निवडले, धुतले, वाळवले. "गिरणीवर आमचं दळण घेत नव्हते. मायनं जात्यावर दळलं. भाकर कडू लागायची रे, पण खाल्ली." नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंचा तर जीवच घेतला. बाबासाहेबांचं नाव लागायला 14 जानेवारी 1994 उजाडलं, तेही नामांतर नाही, नामविस्तार. म्हणजे 'मराठवाडा' तसंच ठेवून त्याला बाबासाहेबांचं नाव जोडलं.

हा विषय काढला की आमच्यातले लोक म्हणतात, जुनं कशाला उकरून काढायचं? दादांच्या आईनं ते कधी पुरलंच नव्हतं, मग उकरणार काय? निजामाच्या राज्यातून सुटून तेव्हा तीसच वर्षं झाली होती, मराठवाडा या नावावर लोकांचा जीव होता, हे मला कळतं. पण ज्यांनी 1950 मध्ये इथे मिलिंद कॉलेज काढून सगळ्याच जातींच्या पोरांना शिकायची सोय केली, त्यांचं नाव नको म्हणून शेजाऱ्याचं घर जाळायचं? याला मी अस्मिता म्हणणार नाही. आणि हे घडलंच नाही असं दाखवत 'गोड बोला' म्हणायला तर माझी आता जीभ वळत नाही.

रात्री गावी पोचलो आणि आबांना थेट विचारलं. आपल्या गावात काय झालं होतं? आबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी गेलो नव्हतो. पण जाणाऱ्याला अडवलं बी नाही. दुसऱ्या दिवशी तिकडून बैलगाडी नेताना मान खाली घातली होती." आमच्या घरात हे पहिल्यांदा कुणी बोललं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

सोमवारी ऑफिसात दादांना सगळं सांगितलं. आबांच्या वतीनं माफी मागायला लागलो तर त्यांनी हातानंच थांबवलं. "पुढच्या वर्षी आबांना घेऊन ये. सकाळी लवकर या, नंतर लई गर्दी होते."

आबांना फोन केला. येतो म्हणाले.