१०६ नंबरचं कार्ड

ऑगस्ट २०२२ मध्ये मिकी मँटल या अमेरिकन बेसबॉलपटूचं चित्र असलेलं, बबलगमबरोबर मिळणारं १९५२ सालचं एक कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. दुसऱ्याच दिवशी कोल्हापूरहून दादाने घरच्या ग्रुपवर हिशेब टाकला: शंभर कोटी रुपये. खाली लिहिलं, "पुठ्ठ्याचा तुकडा गं, तळहाताएवढा! तुमच्या तिकडे पैसा फार झालाय." त्यावर भाच्याचा प्रश्न आला, "आत्या, असं एखादं आत्ता स्वस्तात मिळेल का? दहा वर्षांनी विकता येईल."

तेव्हापासून हा वाद आमच्या घरात अधूनमधून उकरला जातो. दादाच्या मते ही उधळपट्टी, भाच्याच्या मते गुंतवणूक. मला दोघांचंही पटत नाही, आणि का पटत नाही हे फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे. आता लिहायला एक निमित्तही झालंय. आमचं जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलंय आणि माळ्यावरची बाबांची ट्रंक रद्दीत द्यायची की नाही यावर चर्चा चालू आहे.

मी अमेरिकेत, पिट्सबर्गला राहते, बावीस वर्षं झाली. आमच्या शेजारी एक आजोबा आहेत, पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे बुटांच्या खोक्यात १९५५ सालचा टॉप्स कंपनीचा अख्खा सेट आहे, २०६ कार्डांचा. कार्डं आडवी आहेत. एका बाजूला खेळाडूचा मोठा चेहरा, शेजारी त्याचाच खेळतानाचा छोटा फोटो आणि खाली छापील सही. मागे आकडेवारी आणि एक छोटं व्यंगचित्र. ही कार्डं बबलगमच्या पाकिटातून यायची. काही कार्डांच्या पाठीवर गमचा फिकट डाग अजून आहे. नाकाजवळ नेलं तर जुन्या वहीसारखा वास येतो.

त्यांनी मला पहिल्यांदा दाखवलं ते कार्ड कुणा मोठ्या खेळाडूचं नव्हतं. एका साध्या पिचरचं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचं होतं. त्यावर नऊ वर्षांच्या हाताने पेन्सिलने संघाचं नाव खोडून दुसऱ्या संघाचं नाव लिहिलेलं. तो पिचर हंगामाच्या मधेच दुसऱ्या संघात गेला, तर कार्ड चुकीचं कसं ठेवायचं? म्हणून दुरुस्ती केली. आज बाजारात त्या पेन्सिलीमुळे कार्डाची किंमत जवळजवळ शून्य आहे. आजोबा ते कुणाला हात लावू देत नाहीत.

सेट म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. सेटमध्ये प्रत्येकाला एक नंबर असतो आणि कुठलाही एक नंबर नसेल तर सेट अपुरा. दिग्गजाचं कार्ड आहे पण राखीव खेळाडूचं नाही, असं चालत नाही. इथे अशा साध्या कार्डांना 'कॉमन' म्हणतात. एखादं कॉमन मिळत नाही म्हणून वर्षानुवर्षं प्रदर्शनांमधून खोकी धुंडाळणारी माणसं मी पाहिली आहेत. ज्या खेळाडूला त्याच्या गावाबाहेर कुणी ओळखत नाही, त्याच्यासाठी कुणी तरी शनिवारची अख्खी सकाळ खर्च करतं. आजोबांच्या सेटमध्ये नंबर २१० पर्यंत जातात, पण १७५, १८६, २०३ आणि २०९ हे चार कंपनीने काढलेच नाहीत. शाळेतल्या पोरांना ते माहीत नव्हतं. ती दोन उन्हाळे ते चार शोधत होती.

गाळलेल्या नंबरांचा याहून जुना किस्सा १९३३ चा आहे. बॉस्टनच्या गाउडी गम कंपनीने २४० कार्डांचा सेट जाहीर केला. त्यात त्या काळच्या सगळ्यात लाडक्या खेळाडूची, एकट्या बेब रूथची चार कार्डं होती. १०६ नंबर मात्र मुद्दाम वगळला, म्हणजे पोरं त्या आशेवर गम विकत घेत राहतील. पुढे लोकांनी तक्रारीची पत्रं लिहिली, तेव्हा कंपनीने १९३४ मध्ये १०६ छापलं आणि पत्र लिहिणाऱ्यांना पोस्टाने पाठवलं. ते नॅप लाझवे यांचं, कधीच निवृत्त झालेल्या खेळाडूचं कार्ड होतं. पत्रासोबत ते टाचणक्लिपने जोडलेलं असायचं, म्हणून उरलेल्या कित्येक प्रतींवर आजही क्लिपचा वळ दिसतो. मला हा वळ फार आवडतो. मंदीच्या काळात कुणी तरी पोर कागद-पेन घेऊन बसलं आणि आमचा एक माणूस कमी आहे असं एका कंपनीला लिहून कळवलं.

आता त्या शंभर कोटींच्या कार्डाकडे येते. १९५२ चा टॉप्सचा सेट ४०७ कार्डांचा. कंपनीतल्याच साय बर्गर नावाच्या माणसाने ब्रुकलिनमधल्या आपल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तो आखला. मँटलचा नंबर ३११. ३११ पासूनची शेवटची मालिका बाजारात यायला उशीर झाला. तोवर बेसबॉलचा हंगाम सरत आला होता आणि दुकानदारांनी माल घेतला नाही. पेट्या गोदामात पडून राहिल्या. १९६० च्या सुमाराला बर्गरनेच त्या कचऱ्याच्या बार्जवर लादून अटलांटिकमध्ये बुडवल्या. वर्तमानपत्रं सांगतात ती कथा इथे संपते. सेट जमवणारे पुढचं सांगतात. त्या मालिकेत मँटल, जॅकी रॉबिन्सन आणि बॉबी थॉमसन ही तीन कार्डं इतरांच्या दुप्पट छापली होती. म्हणजे कागद मोजायला बसलात तर मँटलपेक्षा त्याच्या मागच्या रांगेतली अनोळखी नावं जास्त दुर्मिळ.

आणि त्याच सेटमधलं पहिलं कार्ड, अँडी पॅफ्कोचं. चांगला खेळाडू होता, पण मँटलच्या पंगतीतला नाही. पोरं कार्डं नंबराने लावून रबरबँड बांधायची, त्यामुळे १ नंबर कायम वर. रबराचे काप त्यालाच, खिशातला घाम त्यालाच, ओट्यावरचं पाणीही त्यालाच. धड राहिलेला पॅफ्को मिळणं इतकं कठीण की १९९८ मध्ये एक निष्कलंक प्रत ८३,८७० डॉलरला गेली. सगळ्या गठ्ठ्याची झीज त्या एकाने सोसली. हे मी भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग पॅफ्को घेऊ का?" अजून लहान आहे, कळेल त्याला.

आता आपल्याकडच्या वादांकडे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये वानखेडेवर सचिनचा पुतळा बसला, तेव्हा तो सचिनसारखा दिसतो की नाही यावर आठवडाभर चर्चा झाली. २०२५ च्या मे महिन्यात स्टँडला रोहित शर्मा, अजित वाडेकर आणि शरद पवार यांची नावं दिली, तेव्हा कुणाचं नाव असावं आणि कुणाचं नसावं यावर. ही चर्चा मी इथे बसून वाचते, मतंही मांडते. सचिनच्या पुतळ्याबद्दल आणि वाडेकरांच्या स्टँडबद्दल मला आनंदच आहे. पण पुतळ्याला जागा एकाची आणि मैदानाला स्टँड चार-सहा. तिथे वाद होणारच. जिथे मोजक्या जागा असतात तिथे बाकीचे सगळे बाहेरच राहतात, आणि गेली कित्येक वर्षं आपण त्या मोजक्या जागांसाठीच भांडतो आहोत.

मुंबईचे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर मार्च २०२५ मध्ये गेले. प्रथम श्रेणीत ५८९ बळी आणि कसोटी एकही नाही. १९७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर तमिळनाडूविरुद्ध एका डावात १६ धावांत ८, दुसऱ्यात १८ धावांत ५. आणि आमच्या कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा तेव्हाचा विक्रम ४५२ चा, म्हणजे नऊ धावा कमी. आपल्याविरुद्ध विक्रम नको म्हणून काठियावाडच्या कप्तानाने सामनाच सोडून दिला. तेही कसोटी खेळले नाहीत. बाबा ही गोष्ट सांगताना नवाचा आकडा बोटांवर मोजून दाखवायचे.

सेट असता तर या दोघांना नंबर मिळाला असता. गावसकर अमुक, शिवलकर तमुक, आणि शिवलकर नाहीत म्हणून कुणा पोराने मुंबईच्या शिवाजी पार्कपासून कोल्हापूरच्या राजारामपुरीपर्यंत शोध घेतला असता. कार्डाच्या पाठीवर एक ओळ पुरते: ४४३ नाबाद, पुणे, १९४८. दहा वर्षांच्या मुलीने ती ओळ वाचली की ती विचारणारच, मग पुढे काय झालं?

इथलं सगळं चोख आहे असं मात्र मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. ज्या सेटला संग्राहक सगळ्यात जास्त मान देतात तो १९०९ ते १९११ मध्ये सिगारेटच्या पाकिटांतून आलेला टी-२०६, ५२४ कार्डांचा. त्यातलं सगळ्यात गाजलेलं कार्ड आमच्या पिट्सबर्गच्या होनस वॅग्नरचं. त्याच्या सदऱ्यावर शहराचं नाव शेवटच्या 'एच'शिवाय आहे, कारण त्या वर्षांत सरकारी स्पेलिंगच तसं होतं. पण त्या ५२४ कार्डांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नाही. त्यांना मोठ्या लीगमध्ये घेतच नव्हते, ते १९४७ पर्यंत. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या निग्रो लीगमधला जॉश गिब्सन याच शहरात खेळला, याच शहरात पुरला गेला, आणि त्याच्या हयातीत इथल्या एकाही गम कंपनीने त्याचं कार्ड काढलं नाही. मे २०२४ मध्ये निग्रो लीगची आकडेवारी अधिकृत नोंदींत धरली गेली, तेव्हा कारकिर्दीच्या फलंदाजी सरासरीत तो सगळ्यांच्या वर गेला, .३७२, म्हणजे दर हजार संधींमागे ३७२ यशस्वी फटके. पिट्सबर्गच्या मैदानावर त्याचे आणि त्याच्या साथीदारांचे पुतळे २००६ मध्ये बसवले होते. २०१५ मध्ये ते काढून लिलावात विकले. वॅग्नरचा पुतळा प्रवेशद्वारापाशी उभा आहे.

टी-२०६ चं शेवटचं वर्ष १९११. त्याच वर्षी पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला आणि पाळवणकर बाळू यांनी त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. पुण्यात याच बाळूंना मैदानावर संघात घ्यायचे, पण दलित म्हणून चहा तंबूबाहेर मातीच्या भांड्यात द्यायचे. मुंबईत धर्मावरून बनलेल्या संघांची स्पर्धा व्हायची, तिच्यातल्या हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना कधी मिळालं नाही. गिब्सनचं कार्ड नाही याची हळहळ वाटते तेव्हा मला बाळू आठवतात. यादी करणाऱ्याने कुणाला नंबर दिला आणि कुणाला नाही, हे तपासत राहावंच लागतं, तिकडेही आणि इकडेही.

आजोबांच्या सेटमधलं १६४ नंबरचं कार्ड पोर्तो रिकोहून आलेल्या रॉबर्टो क्लेमेंटेचं आहे, पहिलंवहिलं. त्यावर 'रॉबर्टो' छापलंय. पुढे कितीतरी वर्षं कंपनीने त्याचं नाव 'बॉब' करून टाकलं, त्याला ते नको होतं तरी. शाळेत बाईंनी नाव चुकीचं उच्चारलं म्हणून माझी मुलगी एकदा रडत घरी आली होती. तेव्हा आजोबांनी तिला 'रॉबर्टो' आणि 'बॉब' अशी दोन कार्डं शेजारी ठेवून दाखवली होती.

पैशाने इथेही नासाडी केली आहे, आणि इथे दादाचं म्हणणं मला मान्य आहे. आता कार्ड प्लॅस्टिकच्या सीलबंद पेटीत घालून त्याला दहापैकी गुण देतात. वॅग्नरच्या सगळ्यात प्रसिद्ध प्रतीच्या कडा कापून नीट केल्या होत्या, हे ती लाखो डॉलरना विकली गेल्यानंतर कित्येक वर्षांनी, २०१३ मध्ये एका लिलाववाल्याने कबूल केलं. लोक वारशात आलेले सेट फोडतात, दोन-चार मोठी नावं विकतात आणि बाकीची कॉमन किलोच्या भावाने जातात. १९८० च्या दशकाच्या शेवटी तर गुंतवणूक म्हणून कार्डं इतकी छापली की त्या काळच्या बहुतेक न उघडलेल्या खोक्यांनाही आज फारशी किंमत नाही. बाळा, हे तुझ्यासाठी लिहिलंय. विकायला म्हणून घेतलेल्या कार्डाच्या मागची ओळ कुणी वाचत नाही.

तरी मला वाटतं की आपल्याकडे सेट निघावा. आपल्याला सवय नाही असंही नाही. आम्ही लहानपणी बिग फन बबलगममधून क्रिकेटपटूंची चित्रं जमवली, त्यावरच्या धावांची बेरीज केली, मधल्या सुट्टीत अदलाबदल केली. ती यादी तेव्हा मोठ्या खेळाडूंची होती. आता राज्यांच्या क्रिकेट संघटनांकडे पैसा आहे, मैदानं आहेत, मोठमोठी कार्यालयं आहेत. प्रत्येक रणजी हंगामाला मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ अशा संघांची कार्डं काढावीत, मुलींच्या संघांचीही, बाराव्या खेळाडूसकट. जुन्यांचा एक सेट वेगळा. पाच रुपयांच्या बिस्किटाबरोबर गेला तरी चालेल. फक्त नंबर गाळू नयेत.

तोवर हातात आहे ते तरी टिकावं. दादा, ट्रंकेत वरच्या बाजूला बाबांच्या रणजी सामन्यांच्या स्मरणिका आहेत, त्यांच्या पानांवर बाबांनी पेन्सिलने धावफलक भरलेत. खाली पत्र्याच्या डब्यात आपली बिग फनची चित्रं, रबर लावून. रबर आता वितळून चिकटलं असेल, ते ओढू नकोस, वरचं चित्र फाटेल. रद्दीवाल्याला डिसेंबरपर्यंत थांबव. चौदा तारखेचं तिकीट काढलंय, मी स्वतः येऊन सोडवते.