वसाहत काढताय? कुदळ घरीच ठेवा

वसाहत काढायचं मनावर घेतलंयत? उत्तम. भांडवलाची काळजी नको आणि कष्टांची तर मुळीच नको. १६०७ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियात जेम्सटाऊन वसवणाऱ्या इंग्रज मंडळींचा कित्ता गिरवा, म्हणजे झालं.

आधी कंपनी काढा आणि स्वतः लंडनमध्येच बसा. उंटावरून शेळ्या हाकायला ती जागा फार सोयीची. व्हर्जिनिया कंपनीची सूत्रं बराच काळ सर थॉमस स्मिथ यांच्या हाती होती, आणि ईस्ट इंडिया कंपनीचे गव्हर्नरही तेच. हो, तीच ईस्ट इंडिया कंपनी. दोन खंड एकटा माणूस सहज सांभाळू शकतो, फक्त दोन्हीकडे पाऊल टाकायचं नाही.

माणसं घरंदाज निवडा. पहिल्या शंभरेक जणांत निम्म्याच्या आसपास ‘जंटलमन’ होते, म्हणजे शेतात राबणं ज्यांच्या इभ्रतीला शोभत नव्हतं असे. मागाहूनच्या जहाजातून सोनार, जवाहिरे आणि एक अत्तरवालाही आला. सोनं सापडणार हे ठरलेलंच होतं ना! १६०८ साली चकाकणारी माती जहाजात भरून लंडनला धाडली. ती मातीच निघाली. गावासाठी जागा दलदलीची आणि मचूळ पाण्याची बघा. तिथे आधीच्या लोकांनी वस्ती का केली नाही, असले खोचक प्रश्न विचारू नका. पहिलं वर्ष सरायच्या आत निम्म्याहून अधिक माणसं दगावली, पण जागा चुकली असं कुणी म्हणालं नाही.

जेवणाचं काय? शेजारी तिथले मूळ रहिवासी, पॉव्हटन लोक, मका पिकवतातच की. आधी मागा, मग मणी आणि तांब्याचे तुकडे देऊन घ्या, नाहीच दिला तर बंदूक आहे. जॉन स्मिथ नावाच्या कप्तानाने ‘काम नाही तर जेवण नाही’ असा नियम काढला होता. अशा माणसाला फार दिवस ठेवू नये. १६०९ मध्ये बंदुकीच्या दारूच्या स्फोटात भाजून तो मायदेशी गेला आणि त्याच हिवाळ्यात घोडे संपले, कुत्री-मांजरं संपली, उंदीर संपले, मग बुटांचं चामडं शिजलं. काही शेपैकी साठेक जण उरले. चौदा वर्षांच्या एका मुलीच्या कवटीवर सुरीच्या खुणा आहेत. मांस काढल्याच्या. संशोधकांनी २०१३ साली हे जाहीर केलं. तुमच्या माहितीपत्रकात त्याऐवजी सुपीक जमिनीबद्दल लिहा. गुंतवणूकदार तरीही फिरकेनासे झाले तर लॉटरी काढा. राजाने कंपनीला १६१२ साली तशी मुभा दिलीच होती.

आता धंदा. राजा पहिला जेम्स याने १६०४ मध्ये तंबाखूविरुद्ध खास पुस्तिका लिहिली होती. नाकाला किळस, मेंदूला अपाय, फुप्फुसांना धोका, सगळं त्यात आहे. तेव्हा तुम्ही तंबाखूच लावा. वसाहतीतल्या जॉन रॉल्फने तेच केलं. जकात जमू लागली, तसं सरकारी नाक तक्रार करेनासं झालं. जेम्सटाऊनच्या रस्त्यांत आणि बाजाराच्या जागेतही तंबाखू उभी राहिली. पोटापुरता मका लावा म्हणून हुकूम काढावे लागले. नाण्यांची ददात होती, म्हणून व्यवहारही तंबाखूवरच. कंपनीने विलायतेहून लग्नासाठी मुली पाठवल्या, तेव्हा नवरदेवाने प्रवासखर्चापोटी भरायचे १२० पौंड, म्हणजे वजनाने, अव्वल तंबाखूचे. हलकी पानं चालणार नाहीत, हे आधीच बजावलेलं.

लोकशाहीही आणा, तिने शोभा येते. ३० जुलै १६१९ रोजी जेम्सटाऊनच्या चर्चमध्ये पहिली विधानसभा भरली. आळस, जुगार, दारूबाजी यांवर बंदी घातली, तंबाखूचा भाव बांधला. उकाडा इतका की एक सदस्य मरण पावला आणि अधिवेशन आटोपतं घेतलं. पण तत्पूर्वी सोळा वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाकडून, नोकर धरून, एक पौंड उत्तम तंबाखू गोळा करून ती सभापती, कारकून आणि शिपायांना मेहनताना म्हणून वाटायची, हे ठरवायला सभागृह विसरलं नाही. पहिल्याच अधिवेशनात एवढी जाण!

राहता राहिली मजुरी. एक माणूस आणला की पन्नास एकर जमीन, असा नियम होता. जमीन प्रवासभाडं भरणाऱ्याला, आलेल्याला चार ते सात वर्षांची बांधिलकी. आयत्या बिळावर नागोबा व्हायला याहून सरळ वाट नाही. तरी मुदत संपली की ही माणसं स्वतःची जमीन मागायला लागतात, ही कटकट. विधानसभेनंतर महिनाभरातच पॉइंट कम्फर्टला एक जहाज लागलं. पोर्तुगीज जहाजावरून लुटून आणलेली वीसवर आफ्रिकी माणसं त्याने शिधासामग्रीच्या मोबदल्यात उतरवली. त्यांच्या मुदतीचा कागदच नव्हता.

कायदा मागाहून बसवता येतो, घाई नको. १६६२ साली व्हर्जिनियात ठरलं की मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून पाहायचं. इंग्रजी रिवाजात मुलाची प्रतिष्ठा बापावरून ठरे. पण इथे बाप कित्येकदा मालकच असे, म्हणून तेवढ्यापुरता रिवाज फिरवून घेतला. तेव्हा तुमच्यापासूनच झालेलं मूल असलं तरी संकोच नको, मालमत्तेच्या यादीत नोंद करून टाका. खरेदीखर्चाचा रकाना कोरा सोडायचा.