तिसऱ्या मजल्यावर वाळवी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा, जमिनीतल्या वाळवीवरच्या माझ्या लेखावर एवढी सविस्तर कमेंट लिहिलीत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मी लोकांना उगाच घाबरवतोय, जमिनीतली वाळवी तिसऱ्या मजल्यावर येऊच शकत नाही, तुमच्याकडे माती कुठेच नाही फक्त चौकटीखाली बारीक दाणे पडतात, रॉकेल मारलं की सगळं शांत, आणि मी पेस्ट कंट्रोलवाल्यांची दलाली करतोय.

खरी गोम त्या दाण्यांत आहे. जमिनीतली वाळवी असे दाणे बाहेर टाकतच नाही हो, ती स्वतःची घाण माती आणि लाळेत कालवून नळ्या बांधायला वापरते. तुमचे दाणे कोरडे, खसखशीएवढे असतील आणि भिंगातून सहा बाजू दिसल्या, तर ती कोरड्या लाकडातली वाळवी, तिचं बिऱ्हाड लाकडातच, मातीशी देणंघेणं नाही. पिठासारखी भुकटी असेल तर वाळवीच नाही, घुण. म्हणजे माती दिसत नाही हे तुमचं बरोबर, पण माझा लेख त्या किड्यावर नव्हताच ना!

आता तिसरा मजला. जमिनीतली वाळवी मऊ, पांढुरकी, उघड्यावर सुकून मरते, म्हणून पेन्सिलीएवढ्या मातीच्या नळीतून फिरते आणि डक्ट, पाइपाच्या बाजूची फट, भिंतीची चीर असं धरत धरत वर चढते. तिला मजल्याशी मतलब नाही, ओल पाहिजे. कॉप्टोटर्मिस जातीची वाळवी तर बाथरूमची कायमची गळती मिळाली की खाली जमिनीत न जाताही वरच घर करते. नळी दिसली तर सगळी पुसू नका, मधला दोन बोटं तुकडा खरवडा. चार-दोन दिवसांत ओल्या मातीने बुजवला तर वाळवी चालू आहे, नाही बुजवला तरी गेली असं समजू नका, रस्ता बदलला असेल. नळी फोडताना डोकं पिवळसर असलेले शिपाई (राखण करणाऱ्या वाळव्या) बाहेर आले आणि डोक्यातून दुधासारखा थेंब सोडला, तर समजा कॉप्टोटर्मिस.

रॉकेलचं म्हणाल तर ज्यांच्या अंगावर पडतं त्या मरतात, बास. राणी कुठेतरी आत, ती आरामात अंडी घालत बसलेली. वरून घरात रॉकेल शिंपडणं म्हणजे आगीला आमंत्रण, ते वेगळंच.

आणि दलालीचं काय, उलट सांगतो. जमिनीतल्या वाळवीसाठी भिंतीच्या कडेने फूट-फूट अंतरावर भोकं पाडून औषध सोडतात. तुमची जर कोरड्या लाकडातली निघाली तर त्या भोकांचा शून्य उपयोग, औषध चौकटीतच भरावं लागेल नाहीतर चौकट बदलावी लागेल. किडा न ओळखता जो फोनवरच पॅकेजचा रेट सांगतो त्याला घरात घेऊ नका.

कागदावर ते दाणे घ्या, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून जवळून फोटो काढा आणि इथेच टाका. चौकट खालपासून वरपर्यंत स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाजवा, कुठे कुठे पोकळ वाजते तेही लिहा.