‘त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा आहेत ना?’ या फॉरवर्डला उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार गटांवर आला. एक शिक्षकांचा गट, एक दहावीच्या बॅचचा, एक भाऊबंदांचा, आणि चौथा केळीभावाचा, जिथे एरवी रावेर-सावद्याच्या दराशिवाय कोणी काही टाकत नाही. मेसेज लांबलचक आहे, पण त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: अपंग, मतिमंद मुलांसाठी वेगळ्या शाळा आहेत, मग साध्या शाळेचा हट्ट कशाला? अशा एका मुलापायी वर्गातल्या चाळीस मुलांचं नुकसान होतं. परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ, म्हणजे फुकटचे मार्क. निम्मी प्रमाणपत्रं बोगस. ज्याच्यात जिद्द असते तो कुठेही शिकतो. आणि दोन-तीन पोरांसाठी रॅम्प आणि विशेष शिक्षक कोणाला परवडणार? खाली हात जोडलेले आणि ‘सत्य कटू असतं, पुढे पाठवा’.

मी धुळे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत बावीस वर्षं शिकवतोय. मेसेज लिहिणारा बहुधा आमच्यातलाच असावा, कारण ‘पट’, ‘माहिती भरा’, ‘अशैक्षणिक कामं’ हे शब्द बाहेरच्याच्या तोंडी इतके सहज येत नाहीत. त्याचा वैताग मला कळतो. पण वैताग ज्याच्यावर काढायचा तो सोडून भलत्यावरच निघालाय.

आधी वेगळ्या शाळांचं पाहू. आहेत, नाहीत कोण म्हणतं? काही मुलांना त्याच लागतात. खुणांच्या भाषेत बोलणारी दहा पोरं एकत्र असली की बहिऱ्या मुलाचं मन जेवढं मोकळं होतं, तेवढं माझ्या वर्गात होत नाही, हे मला कबूल आहे. पण ठरवायचं कोणी? दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं कलम ३१ सांगतं की ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीप्रमाणे, मोफत शिकता आलं पाहिजे. पसंती त्याची. हेडमास्तरांनी दाखल्याचा अर्ज परत सरकवत ‘याला तिकडे घाला’ म्हणायची सोय कायद्यात नाही. कलम १६ तर सरकारी आणि मान्यताप्राप्त शाळांना भेदभाव न करता प्रवेश द्यायला सांगतं.

आणि नकाशाही बघा जरा. विशेष शाळा असतात शहरांत, फार तर मोठ्या तालुक्याच्या गावी. धडगावच्या वरच्या पाड्यावरचं सहा वर्षांचं पोर चांदसैली घाट उतरून तळोद्याला, तिथून पुढे नंदुरबारला नेऊन वसतिगृहात ठेवायचं. घरी पावरी बोलणारं, आईच्या अंगावरून नुकतंच उतरलेलं. मेसेज लिहिणाऱ्याने आपलं धडधाकट पोर त्या वयात घाटाखाली पाठवलं असतं का?

शिवाय दिव्यांग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुबड्या, काळा चष्मा आणि कानातलं मशीन एवढंच येतं. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, आता एकवीस आहेत, आणि त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आजारही आहे. सातपुड्यात सिकलसेल काय चीज आहे हे नंदुरबारकडच्या शिक्षकांना सांगायला नको. त्या पोराला दुखायला लागलं की हात-पाय-पाठ एकदम धरतात. ते महिन्यात चार-सहा दिवस गैरहजर राहतं आणि आपण हजेरीत ‘अनियमित’ लिहून मोकळे होतो. त्याची वेगळी शाळा कुठे काढणार? ते आज आश्रमशाळेत, साध्या वर्गातच बसलंय. त्याला हवं काय, तर मधूनमधून पाणी प्यायची आणि लघवीला जायची मुभा, थंडीत पहाटे उघड्यावर गार पाण्याची अंघोळ नको, उन्हात पळायची शिक्षा नको, आणि बुडालेली चाचणी पुन्हा. यातलं खर्चाचं काय आहे सांगा.

आता वर्गाचं नुकसान. एक गोष्ट सांगतो, माझीच आहे आणि माझ्या बाजूची नाही. नोकरीच्या सुरुवातीला माझ्या पहिलीच्या वर्गात पावरा समाजाची तीन मुलं होती, सालदारकीला आलेल्या कुटुंबांतली. ती काहीच बोलायची नाहीत. मी शेऱ्यात ‘मंद’ लिहिलं. वर्षभराने कळलं की त्यांना माझं मराठीच कळत नव्हतं. मी पुस्तकी मराठीत ‘दप्तर उघडा’ म्हणायचो आणि ती माझ्या तोंडाकडे बघत बसायची. त्यानंतर मी शब्दाबरोबर वस्तू दाखवायला, हातवारे करायला, एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगायला शिकलो. पुढे काही वर्षांनी कमी ऐकू येणारी एक मुलगी वर्गात आली तेव्हा मला नवीन काय करावं लागलं? एकच: फळ्याकडे तोंड करून बोलायचं बंद. लिहून झालं की वळायचं आणि मग बोलायचं, म्हणजे तिला ओठ दिसतात. कमी दिसणाऱ्या मुलासाठी फळ्यावर लिहिताना मोठ्याने उच्चारायची सवय लागली. त्याचा फायदा मागच्या बाकावरच्या, घरी अहिराणी बोलणाऱ्या निम्म्या वर्गाला झाला. ती पोरं फळ्यावरचं नुसतं उतरवून घ्यायची, ती आता ऐकायला लागली.

सगळीच मुलं अशी सोपी नसतात. एक मुलगा मधेच किंचाळायचा, अंगावर धावून जायचा. त्या वर्षी मी हैराण झालो होतो, आणि वर्गाचे तास बुडाले हे खोटं कशाला सांगू? पण ते बुडाले कारण मी एकटा होतो. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात विशेष गरजांच्या मुलांसाठी प्राथमिकला दहामागे एक आणि त्यावर पंधरामागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. आमच्याकडे विशेष शिक्षक येतात ते फिरतीवर, मोटरसायकलवर ढीगभर शाळा सांभाळत. सकाळी इथे, दुपारी तिसऱ्याच गावात. आज आले तर परत कधी, ते त्यांनाही सांगता येत नाही. तक्रार करायचीच तर ही करा की. माणूस द्यायचा नाही आणि मग पोरामुळे वर्ग बिघडला म्हणायचं, हा कुठला न्याय?

आणि चाळीस विरुद्ध एक हे गणितच चुकतं. कापूस वेचणीच्या दिवसांत आई-बाप पहाटे शेतात जातात. घरी बसता न येणारा, मान न सावरणारा भाऊ असेल तर त्याच्यापाशी कोण थांबतं? चौथी-पाचवीतली बहीण. दिवाळीनंतर तिची हजेरी गळते, मग नाव गळतं. आमच्या गावात अशा एका भावाला शाळेत घेतलं, कोपऱ्यात आधाराची खुर्ची केली, आणि दुसऱ्याच आठवड्यात बहीण पाचवीत परत हजर. त्याच्या दाखल्याच्या दिवशी त्याची आजी एकच वाक्य तीनदा म्हणाली होती, ‘त्याले समदं समजस, गुरुजी.’ एकाला बाहेर ठेवलं की दोन पोरं बाहेर राहतात, हे मेसेजवाल्याच्या हिशेबात धरलेलंच नाही.

लेखनिकाचा मुद्दा सगळ्यांत जास्त टाळ्या घेतोय म्हणून त्यावर जरा थांबतो. ‘फुकटचे मार्क’ म्हणणाऱ्यांपैकी त्या खोलीत कोण बसलंय? मी बसलोय, दहावीच्या मराठीच्या पेपरला, पर्यवेक्षक म्हणून. खोलीत तिघंच: अजिबात न दिसणारा परीक्षार्थी, त्याची लेखनिक आणि मी. लेखनिक नववीतली मुलगी, कारण लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेचा लागतो. आता उतारा घ्या. डोळस मूल प्रश्न वाचतं, उताऱ्यावर बोट फिरवतं, उत्तर सापडतं. हा म्हणणार, ‘परत वाच.’ ती वाचणार. ‘नाही, त्याच्या आधीचं वाक्य.’ मग ती आधीचं शोधणार. कृतिपत्रिकेत आकृत्या असतात. ती सांगते, ‘मध्ये गोल आहे, चार बाण निघालेत, दोन चौकटी भरलेल्या आहेत.’ तो ते चित्र डोक्यात मांडतो, मग कुठल्या चौकटीत काय ते सांगतो. पत्रलेखनात दिनांक कुठल्या बाजूला, मायना कुठे, सगळं तोंडी. एका शब्दावर त्याने स्वतः अडवलं, ‘दीर्घ लिहिलंस ना?’ तिने ऱ्हस्व लिहिलं होतं. त्याला ते दिसलं नव्हतं, तिच्या पेनाचा आवाज लवकर थांबला म्हणून विचारलं, असं तो नंतर म्हणाला. ताशी वीस मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. त्या तासातली पाच मिनिटं उरली होती. फुकटचं काय होतं त्यात, मला अजून सापडलेलं नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. लेखनिक मिळत नाही. नववीच्या मुलांचे पालक म्हणतात, आमच्या पोराच्या परीक्षेचं काय? शेवटी कुणाची तरी मावसबहीण तयार होते. मग अर्ज, प्रमाणपत्र, नाशिक विभागीय मंडळाची मान्यता. यातलं काही राहिलं की पेपरच्या सकाळी गेटवर रडारड. ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असेल तर लेखनिक नाही असंच बरीच वर्षं चाललं. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ११ फेब्रुवारी २०२१ ला निकाल लागला की गरज असेल तर टक्केवारी आड येऊ शकत नाही. सोय ही मेहेरबानी नव्हे, समान संधीचाच भाग आहे, असा त्या निकालाचा रोख आहे.

बोगस प्रमाणपत्रं? असतात. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या प्रकरणाने महिनाभर टीव्ही गाजला. खोटेपणाने लाभ घेतला तर दिव्यांग हक्क कायद्याच्याच कलम ९१ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पण जरा आपलंच झाकलेलं उघडू. शिक्षकांच्या बदल्यांचा हंगाम आला की ‘संवर्ग एक’मध्ये, म्हणजे आजार-दिव्यांगत्वामुळे बदलीत प्राधान्य मिळणाऱ्यांच्या यादीत, कोणकोण अचानक येतं, याची कुजबुज कुठल्या स्टाफरूममध्ये होते? पहिलीतल्या पोरांच्या नाही. खोटं मोठी माणसं बोलतात, आणि संशय घ्यायचा सहा वर्षांच्या पोरावर. बाकी ज्या बाईने पोराला कडेवर घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या तीन चकरा मारल्यात, एकदा डॉक्टर रजेवर, एकदा सर्व्हर बंद, तिच्यासमोर हे वाक्य म्हणून दाखवावं.

जिद्दीवाला मुद्दा मला सगळ्यांत जास्त टोचतो, कारण तो दिसतो कौतुकासारखा. प्रांजल पाटील यांचं नाव अशा वेळी हमखास येतं. त्यांचीच गोष्ट पूर्ण सांगा मग. लोकसेवा आयोगाच्या २०१६ च्या निकालात त्या ७७३ व्या आल्या, रेल्वेच्या लेखा सेवेसाठी निवड झाली, आणि दिसत नाही म्हणून रेल्वेने घेतलं नाही. जिद्द कमी होती का? दार बंद होतं. पुढच्या वर्षी १२४ वा क्रमांक आणून त्या आयएएस झाल्या. आपल्या जळगावला दीपस्तंभ संस्थेच्या मनोबल प्रकल्पात दिव्यांग मुलं राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. तिथेही नुसती जिद्द नाही, निवास आहे, शिकवणारी माणसं आहेत, व्यवस्था आहे. आणि मुळात आपल्या बाकीच्या पोरांकडून आपण जिद्द मागतो का? बावन्न टक्के पाडून, बारावीनंतर आयटीआयला जाऊन, गावात मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकणारा पोरगा आपल्याला चालतो. दिव्यांग पोरालाही बावन्न टक्क्यांचा साधा विद्यार्थी व्हायची मोकळीक हवी.

राहिला खर्च. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत विशेष गरजांच्या मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे, मुलींना वर दरमहा २०० रुपये. एवढ्याने सरकार बुडत नाही. ग्रामपंचायतीलाही स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. म्हणून गेल्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी आमच्या शाळेच्या रॅम्पचा अर्ज दिला. रॅम्प तसा आहे, ‘रॅम्प: होय’ अशी ऑनलाइन नोंदही आहे. तीन पायऱ्यांवर सिमेंट ओतून केलेला चार फुटांचा उतार, ज्यावरून पोरं घसरगुंडी खेळतात. व्हीलचेअर ढकलत नेली तर मागे उलटते.

सरपंच आप्पा म्हणाले, ‘गुरुजी, आहे तो काय वाईट आहे?’ मी सांगितलं, एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. पायऱ्या सहा-सहा इंचांच्या तीन, म्हणजे उंची दीड फूट, म्हणजे रॅम्प अठरा फूट. आप्पांना वाटलं मी बिल फुगवतोय. सभा संपल्यावर टेप घेऊन दोघं शाळेत आलो. मी एक टोक पायरीवर धरलं, ते दुसरं धरून मागे मागे चालत गेले, आणि अठरा फुटांवर त्यांची पाठ झेंड्याच्या ओट्याला टेकली. आता ओटा हलवायचा की रॅम्प वळवायचा, यावर पुढच्या सभेत बोलायचं ठरलंय.