राज्यपाल बॉस नाहीयेत हो

"राज्यपाल हेच राज्याचे खरे बॉस, मंत्री त्यांच्या मर्जीवर, वाटेल तेव्हा काढतील, वाटेल तेव्हा बहुमत सिद्ध करायला लावतील, बिलं अडवतील" असा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर तिसऱ्यांदा आलाय, वर "घटनेतच लिहिलंय" हे पण.

मर्जी हा शब्द कलम १६४ मध्ये आहे, मान्य. पण त्याच कलमात पुढे मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असंही आहे, ते कुणी फॉरवर्ड करत नाही. १९७४ च्या शमशेर सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या ७ न्यायाधीशांनी सांगून टाकलं की मोजके अपवाद सोडले तर राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालायचं, म्हणजे मर्जी कागदावर राज्यपालांची आणि खरी मुख्यमंत्र्यांची. तमिळनाडूत जून २०२३ ला राज्यपाल रवींनी मुख्यमंत्र्यांना न विचारता सेंथिल बालाजींना मंत्रिपदावरून काढलं आणि काही तासांत स्वतःचाच आदेश थांबवून ठेवला. असा कुठे बॉस असतो?

बहुमताचं तर आपल्याच घरचं उदाहरण आहे. ११ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाने म्हटलं की तेव्हाचे राज्यपाल कोश्यारींनी मुख्यमंत्री ठाकरेंना बहुमत सिद्ध करायला सांगितलं ते चूक होतं, पक्षातलं भांडण मिटवायला विश्वासदर्शक ठराव वापरता येत नाही. ठाकरेंनी आधीच राजीनामा दिला म्हणून सरकार परत आणता आलं नाही, आणि ग्रुपवर नेमकं तेवढंच फिरतं.

बिलाचं म्हणाल तर ते एकदा परत पाठवता येतं, पण सभागृहाने पुन्हा पास केलं की सही नाकारता येत नाही.

आता मेसेजवाल्यांना वाटतं ते अगदीच हवेतलं नाही, कारण ताकद आहे, फक्त ती हुकूम द्यायची नसून फाईल दाबून बसायची आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बिलांवर अनंत काळ बसता येणार नाही, पण ठरावीक मुदतही घालून देता येणार नाही. आपल्याकडे ठाकरे मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२० ला विधान परिषदेवर नेमायला १२ नावं राज्यपालांकडे पाठवली, ऑगस्ट २०२१ ला हायकोर्ट म्हणालं वाजवी वेळेत निर्णय व्हायला हवा, तरी यादी तशीच, मग सरकार पडलं आणि नव्या सरकारने ती यादीच मागे घेतली. राजभवनाला साधं "नाही" पण म्हणावं लागलं नाही.