‘सिमेंटचे पत्रे आहेत, काही होत नाही’ म्हणणाऱ्यांना

गावाकडे जुनं घर शोधणाऱ्यांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरतोय. जळगाव-धुळ्याकडची घरं स्वस्तात मिळतात, वरचे सिमेंटचे पत्रे बघून बिचकू नका. त्यांत सिमेंटबरोबर मिसळलेला ॲस्बेस्टॉस, म्हणजे एका खनिजाचे बारीक धागे, आपल्याकडे पांढरा, निरुपद्रवी. लोक चाळीस वर्षं त्याखाली राहिलेच ना? फारच वाटलं तर रंग मारा, नाहीतर फोडून अंगणात भराव करा.

पांढरा म्हणजे क्रिसोटाइल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सगळेच प्रकार कर्करोगकारक ठरवलेत, त्यात हाही आला. वर्षानुवर्षं आपल्याला तो विकणाऱ्या कॅनडाने 2018 मध्ये स्वतःकडे बंदी घातली. आपल्याकडे हे पत्रे कायद्याने विकता येतात, एवढंच.

चाळीस वर्षांचा मुद्दा अर्धा खरा आहे. धड पत्र्यात धागे सिमेंटने धरून ठेवलेले असतात, त्याखाली झोपल्याने कोणी लगेच आजारी पडत नाही. पण ॲस्बेस्टॉसमुळे होणारे कर्करोगासारखे रोग वर यायलाच 20 ते 40 वर्षं लागतात, मग ‘काही झालं नाही’ कशाच्या जोरावर म्हणायचं? आणि पत्रा धड राहतो कुठे? यावल-चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला माकडांनी उड्या मारून फोडलेले, डांबर थापलेले, टायर ठेवून दाबलेले पत्रे कोणीही बघावेत.

रंगाने वरचा थर काही काळ धरला जाईलही. पण त्याआधी शेवाळ काढायला माणूस तारेचा ब्रश घेऊन कोरडंच घासतो. नको ते धागे तिथेच मोकळे होतात.

भरावाचा सल्ला मात्र सरळ घातक आहे. फोडलेले तुकडे ट्रॅक्टरच्या चाकाखाली भरडले जातात, त्याच अंगणात पोरं खेळतात. पत्रे उतरवायचेच तर कटर, घण लांब ठेवा. पाठीवरच्या फवारणी पंपाने (औषधाचा नको, स्वच्छ धुतलेला) हलका फवारा मारत पत्रा ओला ठेवायचा, तो धरणारे हुक तेवढे कापायचे, पत्रा अख्खा खाली घ्यायचा आणि जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचा. वर चढताना पत्र्यावर पाय नको; जुना पत्रा माणसासकट खाली येतो. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, बारीक कण अडवणारा घट्ट मास्क हवा. कामाचे कपडे घरी झटकू नयेत. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायकांनाही हे रोग झालेले आहेत.

जुन्या सागवानी दारांच्या रंगाचंही तेच. रंगातल्या शिशाची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासूनची. त्याआधीचे थर कोरडे घासू नका, जाळून तर मुळीच काढू नका.

म्हणून घर घेऊच नका असं नाही. मातीच्या जाड भिंती, सागाचे खांब हे आपल्या उन्हाळ्यात सोनं आहे. फक्त इसारपावती करण्याआधी पत्रे उतरवणं, त्यांची रीतसर विल्हेवाट आणि नवं छप्पर, या तिन्हींचा खर्च काढा आणि तो किमतीतून वजा करून मागा. मालक ‘पत्रे तुम्हाला फुकट सोडतो’ म्हणाला, तर भाव आणखी पाडा.