रंगावर घातलेला रुपया पाच होऊन परत येत नाही

घर विकायला काढलेल्या सोलापूरकरांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतोय. त्याचा मतलब असा: घर दाखवायच्या आधी आतून-बाहेरून सगळं रंगवून घ्या, रंगावर घातलेला एक रुपया पाच होऊन परत येतो. बाथरूम निळं करा, अमेरिकेत त्याने साडेपाच हजार डॉलर जास्त मिळतात. ओल असेल तिथं डॅम्पप्रूफ मारून झाका. सगळीकडे पांढरा द्या. आणि हा खर्च टॅक्समधून वजा होतो.

मी रंगकामाचे ठेके घेतो. हा सल्ला लोकांनी मानला तर माझीच कामं वाढतील. पण यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट चुकीची आहे आणि त्यापायी लोक विक्रीच्या आधीच पैसे घालवून बसतात.

आधी एकाचे पाच बघू. रंगवायचं क्षेत्रफळ कार्पेट एरियाच्या, म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेच्या, साधारण तीन ते साडेतीन पट येतं. म्हणजे साडेसहाशे फुटांच्या फ्लॅटला भिंती आणि छत मिळून दोन हजार चौरस फुटांच्या पुढे. दर वीस रुपये धरला तरी चाळीस हजार झाले. त्याचे दोन लाख कोण देणार? रेडी रेकनरमध्ये, म्हणजे सरकारी दरांच्या तक्त्यात, जागा, बांधकामाचा प्रकार आणि वय बघतात, रंगाचा रकानाच नाही. बँकेचा व्हॅल्युअर मंजूर नकाशा, बांधकामाची अवस्था आणि आजूबाजूचे व्यवहार बघतो, आणि गिऱ्हाइकाचं कर्ज त्या आकड्यावर ठरतं. गिऱ्हाईक स्वतः काय विचारतं? पाणी किती दिवसांआड येतं, हौद किती लिटरचा आहे, बोअर आहे का, गुंठेवारी (परवानगीविना पाडलेला छोटा प्लॉट) असेल तर नियमित झालीय का. नवीन मालक वास्तुशांतीच्या आधी आपल्या पसंतीने रंग देतोच. तुमचा ताजा रंग त्याच्या रंगाखाली जातो. उतारा, टॅक्सची पावती, सोसायटीचं ना-हरकत पत्र यातलं काही अडलं असेल तर ते चाळीस हजार तिकडे खर्च करा.

निळ्या बाथरूमचा आकडा खोटा नाही. झिलो या अमेरिकी कंपनीने २०१७ मध्ये विकल्या गेलेल्या घरांच्या हजारो फोटोंवरून तो काढला होता: निळ्या बाथरूमच्या घरांना अपेक्षेपेक्षा ५,४४० डॉलर जास्त मिळाले. पण ज्याने बाथरूम नीट सजवलं त्याने बाकीचं घरही नीट ठेवलेलं असू शकतं, त्यामुळे ही किंमत रंगाचीच असं म्हणता येत नाही. शिवाय आपल्याकडे बऱ्याच बाथरूमना सात फुटांपर्यंत टाइल्स असतात. निळा लावणार कुठं?

आता ओल. संदेशातला सगळ्यात घातक सल्ला हाच आहे.

सोलापुरात पाणी रोज येत नाही, म्हणून घरोघरी जमिनीत हौद आणि वर टाकी. हौद बरेचदा जोत्याला लागूनच असतो. हौदाला पाझर असला की ओल भिंतीतून वर चढते आणि क्षार सोबत आणते. पाणी उडून जातं, क्षार गिलाव्याच्या तोंडाशी साठून रंगाला आतून ढकलतात. मग फोड येतात, पोपडे पडतात, हात फिरवला की पांढरी भुकटी बोटांना लागते. हा लोणा. त्यावर आतल्या बाजूने डॅम्पप्रूफ मारलं की त्या पट्ट्यातून बाहेर पडणारं पाणी अडतं आणि आणखी वर चढतं. आधी जमिनीपासून दोन फुटांवर असलेला डाग पुढे खिडकीच्या पातळीला दिसतो.

आणि हे लपत नाही. गिऱ्हाईक सोबत मिस्त्री आणतं. तो खिडकीखाली अंगठा दाबून बघतो, मुठीने ठोकतो, पोकळ आवाज आला की मालकाकडे वळून विचारतो, “आत्ताच मारलाय काय हो रंग?” तिथून पुढे चांगल्या भिंतींवरही संशय येतो आणि भाव पडतो. बाकी घर जुन्या रंगात आणि एकच भिंत नवीकोरी, हे तर दारातूनच कळतं.

भेगांचंही असंच. शेतजमिनीवर प्लॉट पडले तिथं काळी माती आहे; पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत गेला नसेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. केसासारखी बारीक असेल तर भरून घ्या. रुंद असेल तर पुट्टीने बुजवण्याआधी भेगेवर काचेची पट्टी चिकटवून काही आठवडे बघा. काच तडकली तर घर अजून हलतंय. तेव्हा इंजिनिअरला बोलवा, पेंटरला नको.

कायदाही स्पष्ट आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणं बंधनकारक आहे. न सांगणं हे त्याच कलमात कपट मानलंय. हौदाची गळती आधी काढा, सुटलेला गिलावा खरवडून नवा करा, तो पूर्ण वाळू द्या, मगच रंग. तेवढा वेळ नसेल तर भिंत आहे तशी ठेवा, गिऱ्हाइकाला दाखवा आणि भावात धरा.

सगळीकडे पांढरा? फिकट रंगाने खोली मोठी दिसते, फोटो चांगले येतात, हे खरं. पण चकचकीत पांढरा घेतलात तर ट्यूबलाइटखाली गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा दिसतो, मॅट घ्या. हॉलला फिकट मॅटचे दोन हात पुरतात. स्वयंपाकघरात फोडणीचा चिकटा आधी सोड्याच्या पाण्याने धुवायला हवा, नाहीतर नवा रंग धरतच नाही. मुख्य दरवाजा, ग्रिल आणि गेट यांना ऑइल पेंट द्या. पहिली नजर तिथंच जाते. फक्त जुना ऑइल पेंट घासताना ओला करून घासा आणि लहान मुलांना लांब ठेवा. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. बेडरूम साफ असतील तर हात लावू नका.

बाहेरच्या भिंती फ्लॅटवाल्याच्या हातात नसतात, त्या सोसायटीच्या. बंगला किंवा रो-हाउस असेल तर समोरची बाजू आणि कंपाउंड पुरे. सप्टेंबरचा पाऊस भिंतीत असताना दिवाळीच्या घाईने रंग मारू नका, उन्हाळ्यापर्यंत सुटतो.

एक रंग मात्र मी आवर्जून सांगतो, तो म्हणजे वरच्या मजल्याच्या गच्चीला पांढरा. साधा चुना चालतो, उष्णता परावर्तित करणारं कोटिंग जास्त टिकतं. एप्रिलच्या दुपारी घर बघायला आलेल्या माणसाला वरच्या खोलीत त्याचा फरक अंगाला कळतो. गळती त्याने थांबत नाही, ते काम वेगळं.

राहिला टॅक्स. भांडवली नफ्यातून घरातल्या सुधारणेचा खर्च वजा होतो, पण ती सुधारणा म्हणजे घरात भर घालणारं किंवा बदल करणारं काम: वाढीव खोली, नवा जिना. रंगरंगोटी ही नेहमीची देखभाल, ती सहसा त्यात धरत नाहीत. त्या वजावटीच्या भरवशावर रंगाचं बजेट वाढवू नका. आधी सीएला विचारा, मग मला फोन करा.